हार्वेपासून स्पेमनपर्यंत: भ्रूणशास्त्राचा इतिहास खेड्यातल्या कॉलेजात कसा शिकवावा?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवता. विकासजीवशास्त्राच्या पेपरात पहिलाच घटक इतिहासाचा. मुलं ॲरिस्टॉटल, हार्वे, माल्पिगी, वोल्फ, फॉन बेअर, स्पेमन ही नावं सनावळीसकट पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. प्रयोगशाळेत धड चालणारा मायक्रोस्कोप एकच. त्यात एका मुलाने एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या भ्रूणचित्रांबद्दलचा व्हॉट्सॲपवरचा मजकूर दाखवून विचारलं, "हेकेलची चित्रं खोटी निघाली, मग हे सगळंच खोटं नाही का?" हा घटक उरकून टाकावा की त्यावर वेळ घालवावा, हे तुम्हाला ठरवायचंय.

पूर्व विदर्भातल्या एका लहान कॉलेजात मी हाच विषय निवृत्तीपर्यंत शिकवला. माझं मत सांगतो: वेळ घाला, सनावळी परीक्षेपुरती राहू द्या. पुस्तकात इतिहास असा मांडलेला असतो की आधीची माणसं चुकत होती, नंतरची शहाणी निघाली. मुलांच्या मनात साधा प्रश्न उरतोच की एवढी हुशार माणसं पिढ्यान्‌पिढ्या चुकली कशी? पुस्तक त्याचं उत्तर देत नाही, म्हणून काही लक्षात राहत नाही. हे उत्तर मला बहुतेक वेळा एकाच जागी सापडलं: त्या माणसाने कोणता प्राणी निवडला, कोणत्या ऋतूत पाहिला आणि त्याच्या हातात साधन काय होतं.

यातलं तुम्हाला किती जमेल हे तुमच्या परिस्थितीवर आहे. तासिका तत्त्वावरच्या माणसाला अभ्यासक्रम संपवायची घाई असते, ते मला माहीत आहे. शिवाय यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2014 साली प्राणिशास्त्रातलं विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले आहेत, तेव्हा वाढतं अंडं वर्गात फोडायचं असेल तर विभागप्रमुखांना विचारून, लेखी घेऊन मगच. मी पुढे सांगतो त्यातलं बरंचसं काही न फोडताही होतं.

सुरुवात कोंबडीपासून करा, कारण शास्त्राचीही तिथूनच झाली. ॲरिस्टॉटलने उबवणीतली अंडी एकेक दिवसाच्या अंतराने फोडून पाहिली. तीन दिवस-तीन रात्री झाल्यावर पांढऱ्यात रक्ताचा ठिपका दिसतो आणि तो जिवंत असल्यासारखा उडतो, असं त्याने लिहून ठेवलंय. भिंग नाही, काही नाही. हे आजही जसंच्या तसं दिसतं. कोंबडी का निवडली? अंडं कवचात बाहेर असतं, हवं तेव्हा मिळतं, आतलं पिल्लू डोळ्यांना दिसेल एवढं लवकर वाढतं. अवयव एकामागून एक घडत जातात, हे मत त्याने मांडलं ते कोंबडीच्या भरवशावर.

विल्यम हार्वेकडे या. रक्ताभिसरणवाला तोच हार्वे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स हरणांच्या शिकारीचा शौकीन आणि हार्वे त्याचा वैद्य, त्यामुळे माजावर येऊन गेलेल्या हरणींची गर्भाशयं त्याला तपासायला मिळाली. आठवडे गेले तरी आत काहीच दिसेना. नोव्हेंबरच्या मध्याला कुठे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. त्यावरून त्याने ठरवलं की नराचं बीज गर्भाशयात उरतच नाही, त्याचा परिणाम संसर्गासारखा दुरूनच होतो. 1651 सालच्या त्याच्या ग्रंथात हे आलंय. मुलं इथे हसतात. हसू द्या, मग सांगा की रवंथ करणाऱ्या जनावरांचा गर्भ सुरुवातीला धाग्यासारखा लांबत जातो, नुसत्या डोळ्यांना तो शेंबडाच्या तारेहून वेगळा दिसत नाही. गाई-शेळ्यांतही तसंच. तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर हे मुलांना माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगतील. हार्वेची नजर अधू नव्हती. त्याला मिळालेला प्राणीच अडचणीचा होता.

आता माल्पिगी. आपल्या विदर्भातल्या मुलांना तो जितका पटकन कळतो तितका पुण्या-मुंबईच्या मुलांना कळणार नाही, असं मी बिनधास्त म्हणतो. मार्चेल्लो माल्पिगी हा इटलीतल्या बोलोन्याचा. 1672 साली त्याने मायक्रोस्कोपखाली पाहिलेल्या कोंबडीच्या भ्रूणाची वर्णनं लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवली. चित्रं अप्रतिम. पण त्यात एक गोष्ट अशी होती की कोंबडी बसलेलीच नाही अशा अंड्यातही त्याला पिल्लाचा आराखडा दिसला. म्हणजे प्राणी आधीच घडलेला असतो, पुढे तो फक्त मोठा होतो, या मताला आयताच पुरावा मिळाला. प्रीफॉर्मेशन म्हणून पुस्तकात जे येतं ते हेच. पुढे 1722 साली मेत्र-जां नावाच्या फ्रेंच वैद्याने बोट ठेवलं: ही अंडी ऑगस्टमध्ये फोडली होती आणि तिकडचा ऑगस्ट म्हणजे ऐन उन्हाळा. कोंबडी बसली नव्हती, पण हवाच उबवत होती.

आमच्या वर्गात हे सांगायची गरजच पडली नाही. एप्रिलात एका मुलीने घरची अंडी आणली, फोडली तर पिवळ्यावर लाल कडं. "सर, अंडं त ताजंच आनलं होतं नं जी, मंग हे लाल काहून?" कोंबडीच्या अंड्यातली वाढ 37.5 अंशांच्या आसपास नीट चालते, पण विशीच्या वर पारा गेला की ती रेंगाळत का होईना सुरू होते. चंद्रपूर-यवतमाळच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातली टोपली म्हणजे बिघडलेलं उबवणी यंत्रच. दुपारी वाढ जोरात, रात्री मंद, एखाद दिवशी अति ऊन, की भ्रूण मरतो आणि रक्तवाहिन्यांचं कडं मागे राहतं. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगा. अंडं बाहेर येतं तेव्हा त्याचं फलन होऊन जवळपास एक दिवस उलटलेला असतो आणि पिवळ्यावरच्या त्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात. म्हणजे आपण ज्याला शून्य तास म्हणतो तो शून्य नसतोच. हे माल्पिगीला कळायला मार्ग नव्हता.

प्रीफॉर्मेशनच्या नावाने पुस्तकात शुक्राणूत बसलेल्या चिमुकल्या माणसाचं चित्र असतं. ते 1694 सालचं, हार्टसोकरचं. त्याने ते स्वतः पाहिल्याचा दावा केलेला नव्हता, असं काही असेल तर ते असं दिसेल, एवढंच त्याचं म्हणणं. ते चित्र दाखवून वेळ घालवू नका. त्यापेक्षा मुलांना कपाशीच्या शेतात न्या आणि मावा दाखवा. शार्ल बोने या जिनिव्हाच्या तरुणाने 1740 साली मावा किडीची एकच मादी जन्मल्यापासून एकटी ठेवली, नर जवळ येऊ दिला नाही, तरी तिने पिल्लं दिली, एकामागून एक, 95. मावा अंडी न घालता थेट पिल्लं देतो आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते, हे आज आपण जाणतो. साध्या भिंगातून पानाच्या मागच्या बाजूला पाहिलं तर पिल्लं देणारी मादी सहज सापडते. असा प्राणी समोर असताना पिढीच्या आत पिढी आधीच भरून ठेवलेली आहे असं ज्याला वाटणार नाही तो शास्त्रज्ञ कसला! बोने आयुष्यभर त्याच मताचा राहिला.

गंमत अशी की त्याच काळात त्याचाच नातलग अब्राहम त्रेंब्ले हॉलंडमध्ये डबक्यातल्या हायड्राचे तुकडे करत होता आणि प्रत्येक तुकड्याचा अख्खा हायड्रा होत होता. आधीच घडलेला प्राणी कापला तर त्याचे दोन कसे होतील? एकाच घराण्यातली दोन माणसं, एकच दशक, प्राणी वेगळे, निष्कर्ष उलटे. या एका जोडीवर माझा अख्खा तास जायचा.

इथे कोणीतरी हमखास विचारतं, आपल्या ग्रंथांत हे नव्हतं का? विचारू द्या, टाळू नका. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नेमका हाच वाद आहे. गर्भाचं आधी काय होतं? शौनक म्हणतो डोकं, कृतवीर्य म्हणतो हृदय, पराशर म्हणतो नाभी, मार्कंडेय म्हणतो हातपाय, सुभूती गौतम म्हणतो मधलं धड. शेवटी धन्वंतरी सांगतात की सगळे अवयव एकदमच होतात, फक्त बारीक असल्यामुळे दिसत नाहीत, बांबूच्या कोंबासारखे आणि आंब्याच्या फळासारखे. मुलांना विचारा, हे उत्तर ॲरिस्टॉटलच्या बाजूचं की बोनेच्या? वर्ग दुभंगतो. मला यात अभिमानाची गोष्ट वाटते ती ही की विरोधी मतं नावानिशी नोंदवून ठेवली आहेत. 'सगळं आधीच माहीत होतं' हा सूर मात्र मी लावत नाही. कारण धन्वंतरींचं उत्तर तपासायला अंडं रोजच्या रोज फोडून पाहणं भाग होतं, आणि तसं पाहिल्याचं त्या उताऱ्यात काही नाही.

वोल्फ, पँडर आणि फॉन बेअर हे तीन भ्रूणशास्त्रज्ञ एका दमात घ्या. वोल्फने 1759 साली दाखवलं की पिल्लाच्या रक्तवाहिन्या सुरुवातीला नसतातच, मागाहून घडतात, आणि पुढे हेही की आतडं एका सपाट पडद्याला घडी पडून होतं. पँडरने 1817 साली भ्रूणाचे तीन थर वेगळे केले. या कामासाठी अंडी, उबवणी यंत्राजवळ बसणारा माणूस आणि चित्रकार एवढा खर्च होता. फॉन बेअरला तो परवडत नव्हता, म्हणून काम रीगाच्या श्रीमंत घरातल्या पँडरकडे गेलं. तुमच्या मुलांना हे सांगाच, शास्त्र पैशावर अडतं हे त्यांना नवीन नाही. फॉन बेअरने 1827 साली कुत्रीच्या अंडाशयात सस्तन प्राण्याचं बीजांड पहिल्यांदा ओळखलं. हार्वेला राजाची हरणं मिळूनही जे दिसलं नाही ते इथे दिसलं.

आता तुमच्या व्हॉट्सॲपवाल्या मुलाकडे. त्याचं निम्मं बरोबर आहे आणि ते वर्गात मान्य करा. हेकेलने 1868 च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण म्हणून तीन चित्रं छापली, ती एकाच ठशाची होती. पण हे कोणी पकडलं? बाझेलच्या र्‍यूटिमायर या प्राणिशास्त्रज्ञाने, तेही लगोलग. नंतर विल्हेल्म हिस या भ्रूणशास्त्रज्ञाने 1874 साली झोडपलं. 1997 साली रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या भ्रूणांचे खरे फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि फरक हेकेलने दाखवला त्याहून बराच जास्त असल्याचं दाखवलं. म्हणजे चोरी पकडणारे घरचेच होते.

मग उरलं काय? हेकेलच्या चाळीस वर्षं आधी फॉन बेअरने लिहून ठेवलंय की त्याच्याकडे स्पिरिटमध्ये ठेवलेले दोन छोटे भ्रूण होते, त्यांना चिठ्ठी लावायची राहिली आणि आता ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे त्यालाच सांगता येईना. साम्य खरं आहे. माणसाचा भ्रूण आधी प्रौढ मासा होतो, मग बेडूक होतो, हे हेकेलचं म्हणणं खोटं. साम्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत असतं हेही खोटं, कारण कोंबडीची पिवळ्यावरची चकती आणि बेडकाचा गोळा सुरुवातीला अजिबात सारखे नसतात. मधल्या एका टप्प्यावर मात्र सगळ्या पृष्ठवंशीयांत गळ्याच्या कमानी, पाठीचा दोर आणि शेपूट दिसतेच. त्यावर 1995 साली बाझेलच्याच गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने कडी केली. उंदराचं डोळा घडवणारं जनुक फळमाशीच्या अळीत भलत्या जागी चालू केलं, तर माशीच्या पायावर डोळा उगवला, आणि तो डोळा माशीचाच होता. त्या मुलाला हे वाचायला द्या. हेकेलची चित्रं नसती तरी हा पुरावा उभाच राहतो.

प्रायोगिक भागात एक जोडी नीट रंगवा. 1888 साली विल्हेल्म रू याने बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली. अर्धा भ्रूण तयार झाला. तीन-चार वर्षांत ड्रीश या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्री अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या भ्रूणाच्या दोन पेशी हलवून सुट्या केल्या, तर प्रत्येकीची पूर्ण, फक्त लहान अळी झाली. आता कोण खरं? रूने मेलेली पेशी चिकटलेलीच ठेवली होती, आणि जिवंत पेशीच्या दृष्टीने शेजारी अजून होता. अर्चिनच्या पेशी समुद्राच्या पाण्यात सहज सुटतात, बेडकाच्या सुटत नाहीत. इथेही प्राण्यानेच निकाल ठरवला. ड्रीश मात्र आपल्याच निकालाने इतका चक्रावला की शेवटी जीवशक्तीच्या तत्त्वज्ञानाकडे वळला.

त्यावर हिल्डे मांगोल्ड. हान्स स्पेमन या जर्मन भ्रूणशास्त्रज्ञाची ही विद्यार्थिनी पुस्तकात फार तर कंसात येते, तिला पूर्ण तास द्या. न्यूट या शेपटीवाल्या उभयचर प्राण्याच्या दोन जाती घेतल्या, एक फिकट आणि एक रंगीत, म्हणजे कोणती पेशी कोणाची हे रंगावरून कळेल. फिकट भ्रूणाचा एक ठरावीक तुकडा रंगीत भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे दुसरा भ्रूण उभा राहिला, पाठीच्या दोरासकट, आणि त्यातला बराच भाग यजमानाच्या, म्हणजे रंगीत भ्रूणाच्या, पेशींचा होता. प्रतिजैविकं नव्हती, बहुतेक भ्रूण मरायचे. शोधनिबंध 1924 साली आला आणि त्याच वर्षी घरातल्या स्फोटात भाजून ती वारली, वय 25. नोबेल 1935 साली एकट्या स्पेमनला मिळालं.

पुढची गोष्ट मुलींना विशेष आवडते. त्या तुकड्यात कोणतं रसायन आहे हे शोधायला सगळे धावले. तुकडा मेलेला असला तरी काम करतो, यकृताचा अर्क करतो, मेथिलीन ब्लूसुद्धा करतो. न्यूटच्या भ्रूणात चेताऊतक इतक्या सहज सुरू होतं की कशानेही होतं, त्यामुळे पिढीभर वाट चुकली. उत्तर मिळालं ते झेनोपस या आफ्रिकी बेडकात, 1992 ला नॉगिन आणि 1994 ला कॉर्डिन. ही प्रथिनं 'चेतासंस्था हो' असा हुकूम देतच नाहीत. त्वचा व्हायला सांगणाऱ्या दुसऱ्या संदेशाला ती अडवतात. झेनोपस प्रयोगशाळांत आला कसा? संप्रेरक टोचलं की तो कोणत्याही ऋतूत अंडी देतो, म्हणून 1940 च्या सुमारास गरोदरपणाच्या चाचणीसाठी दवाखान्यांत पाळला जायचा. न्यूट फक्त वसंतात अंडी देतो.

आपल्या देशातलं एक उदाहरण द्यायचं तर बांधावरचा धोतरा. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी 1964 साली धोतऱ्याच्या परागकोशातून, म्हणजे फलनाशिवाय, भ्रूण वाढवले. वनस्पतींचं आहे, अभ्यासक्रमात नसेल, तरी पाच मिनिटं द्या.

हे सगळं खेड्यातल्या मुलींना कशाला, असं कोणी म्हणालं तर उत्तर सरळ आहे. फलनानंतर साधारण 28 दिवसांत मेंदू-मज्जारज्जूची नळी मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आशाताईंकडे नाव नोंदवेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते, म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी गरोदरपण ठरवतानाच सुरू करायची. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 1991 साली प्रसिद्ध केलेल्या अनेक देशांतल्या चाचणीत, आधी ही नळी न मिटलेलं बाळ झालेल्या स्त्रियांमध्ये हा दोष जवळपास तीन चतुर्थांशांनी कमी झाला. फाटलेल्या ओठाचं खापर ग्रहणात भाजी चिरण्यावर फुटतं, पण वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यातच जुळतो. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने तो फाटणार कसा? आणि प्राण्याची निवड हा निव्वळ इतिहास नाही हे गरोदर बायकांना मळमळीवर दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधावरून दाखवा. 1961 साली ते औषध बाजारातून काढेपर्यंत हजारो मुलं तोकड्या हातापायांची जन्मली. उंदरांत हे व्यंग सहसा दिसत नाही, सशात दिसतं.

आता कामाचं. दुकानातली फार्मची अंडी आणू नका, त्यांत फलन झालेलंच नसतं. ज्या घरी कोंबडा आहे तिथली गावठी अंडी घ्या, शक्यतो फिक्या कवचाची. तारीख पेन्सिलने लिहा, स्केचपेन नको. खुडूक कोंबडीखाली ठेवा आणि चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याला भोक पाडून अंडं धरा. कोळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसतात. पाहून झालं की लगेच परत कोंबडीखाली, पिल्लू निघतं. फोडायचीच असतील तर उन्हाळ्यात टोपलीत वाया गेलेली अंडी फोडा, त्यात कोणाची हरकत येत नाही. माल्पिगीची चूक तपासायला एकाच दिवशी घातलेली काही अंडी फ्रीजमध्ये आणि काही पत्र्याच्या खोलीत दोन दिवस ठेवा. परीक्षेसाठी वहीत नावासमोर सन लिहून पुढे तीन रकाने पाडायला सांगा: प्राणी कोणता, साधन काय, आणि त्यामुळे काय दिसायचं राहिलं.

तुमच्याकडे हा पेपर कोणत्या सत्रात आहे ते लिहाल का? जुलैत असेल तर पहिल्या पावसानंतर डबक्याकाठी बेडकांच्या अंड्यांचे पुंजके आणि भेकांच्या लांबलचक माळा तिथल्या तिथे दाखवता येतील, घरी न आणता. डिसेंबरात असेल तर रात्री गारठा असतो, माल्पिगीचा प्रयोग फसेल. तो मार्चवर ढकला.